नवस फेडायला निघालो तेव्हा : जेजुरी, पंढरपूर, मंगळवेढा, सोलापूर

सप्टेंबरमध्ये आमच्या मुलाला डेंगी झाला. अकरा वर्षांचा आहे. प्लेटलेट्स घसरत घसरत बारा हजारांवर आल्या, त्या रात्री सासूबाईंनी दवाखान्याच्या जिन्यात बसून खंडोबाला नवस बोलला : पोर उठून बसू दे, त्याला घेऊन अनवाणी गड चढेन, तळी भरेन. पोर उठून बसलं. म्हणून जानेवारीअखेर, प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला जोडून, नवरा, मी, मुलगा आणि आई, म्हणजे सासूबाई, असे चौघे निघालो. जेजुरी झाली की पुढे पंढरपूर, मग मंगळवेढ्याला नवऱ्याच्या मित्राच्या शेतावर हुरडा आणि सोलापूरवरून परत, असा बेत होता.

पण त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिला आणि माझ्या मुलाला जरा बरं वाटलं की दोघं मोबाइलवर लुडो खेळत. तिच्या आईने कॅलेंडरच्या कागदाची पुडी करून त्यात अंगारा बांधला होता आणि ती पुडी मुलीच्या उशीखाली ठेवली होती. मनगटाला, सलाइनच्या चिकटपट्टीच्या जरा वर, काळा दोरा. चौथ्या दिवशी पहाटे मुलगी गेली. चादर बदलताना नर्सला पुडी सापडली, तिने ती माझ्या हातात दिली. मी जिना उतरून धावत खाली गेले, पण त्यांची गाडी निघून गेली होती. ती पुडी तेव्हापासून माझ्या पर्समध्ये आहे.

पुढचे दोन महिने घरी जो येई तो म्हणे, ‘देवाने वाचवलं.’ एकदा पाहुणे गेल्यावर मुलगा म्हणाला, ‘तिच्या आईने पण सांगितलं होतं ना देवाला?’ मला उत्तर देता आलं नाही. मी नास्तिक नाही. रोज दिवा लावते, एकादशी धरते. पण त्या दिवसापासून दिवा लावताना हात थांबायला लागला. समोर जो आहे असं मी धरून चालले होते, त्याची माझ्या मनातली आकृतीच कुठेतरी चुकलेली आहे, असं वाटायला लागलं. हे प्रवासवर्णन त्या अस्वस्थतेसकट लिहिते आहे, कारण चार दिवस ती आमच्यासोबत गाडीत होतीच.

पहिला दिवस : जेजुरी

पुण्याहून दिवे घाट चढून सासवडमार्गे जेजुरी पन्नासेक किलोमीटर. आम्ही मुद्दाम शुक्रवार धरला होता. रविवारी, चंपाषष्ठीला आणि सोमवती अमावास्येला गडावर पाय ठेवायला जागा नसते. घरून पहाटे साडेपाचला निघालो आणि साडेसातला पायथ्याशी पोहोचलो. अनवाणी चढणार असाल तर हीच वेळ बरी. दगडी पायऱ्या अकरानंतर चटके देतात, अगदी थंडीतसुद्धा.

गाण्या-आरत्यांत नवलाख पायरी म्हणतात. मुलगा मोजत होता, दोनशेच्या पुढे त्याची मोजणी चुकली. आई बहात्तर वर्षांच्या आहेत. दर दहा-बारा पायऱ्यांनी दीपमाळेला टेकून उभ्या राहत, पदराने मान पुसत आणि काही न बोलता पुढची पायरी घेत. नवऱ्याने हात पुढे केला तर म्हणाल्या, ‘तू नको धरूस. मी बोलले होते, मीच चढते.’

अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ लागतं. खंडोबाची ही धनगर बायको. तिच्यासाठी देव चंदनपुरीला जाऊन तिच्या वाड्यावर चाकर राहिला, मेंढ्या राखल्या, अशी कथा वाघ्ये-मुरळ्या जागरणात रात्रभर सांगतात. थोरली म्हाळसा लिंगायत वाण्याची, ती वर देवाजवळ. परंपरेत आणखी तिघी आहेत : शिंप्याची रंभाई, माळ्याची फुलाई आणि भागवानांची चांदाई, म्हणजे मुसलमानाची लेक. ज्या ज्या समाजाने हा देव मानला, त्याने त्याला आपली लेक देऊन जावई करून घेतलं. देवाविषयीच्या कल्पना माणसांनी आपापल्या घराच्या मापाने बेतल्या आहेत, हे इथे लपवलेलंच नाही. मला त्यात कमीपणा वाटत नाही. धनगराला देव कळणार तो मेंढ्यांमधूनच.

पण त्याच मापाने बेतलेलं दुसरंही काही इथे आहे. बाणाईच्या देवळाच्या थोडं वर एक म्हातारी पायरीवर बसली होती. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर भंडारा, शेजारी घाटी, म्हणजे छोटी घंटा. तिला मुरळी म्हणून वाहिलेली होती. आई दम खायला तिच्याजवळच टेकल्या, दोघींचं बोलणं सुरू झालं. किती वर्षं झाली, घरी कोण असतं, गुडघे दुखतात का. मग आईंनी विचारलं, तुम्हाला का सोडलं देवाला?

ती म्हणाली, ‘आईची तीन पोरं गेली व्हती. मी जगले. म्हणून मला दिली.’

एवढंच. मग घाटी उचलून येणाऱ्या दुसऱ्या माणसांकडे वळली. मी माझ्या मुलाकडे पाहिलं, तो वर पोहोचला होता आणि हात हलवत होता. जगलेलं मूल देवाला देऊन टाकायचं : हासुद्धा नवसच. देणारा देव, आणि दिलेलं परत मागणारा देव. असा देव नुसता मनात राहत नाही; त्याच्यापायी एका बाईचं सगळं आयुष्य पायऱ्यांवर गेलं होतं. विठ्ठल रामजी शिंदे, शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या सुधारकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुरळ्या सोडण्याच्या चालीविरुद्ध जिवाचं रान केलं. मुंबई इलाख्याचा कायदा १९३४चा आणि महाराष्ट्राचा २००५चा. म्हणजे देवाच्या नावाने चाललेली गोष्ट थांबवायला माणसांना दोनदा कायदा करावा लागला.

वर पोहोचल्यावर तळी भरली. तामणात भंडारा, खोबऱ्याच्या वाट्या, विड्याची पानं, सुपाऱ्या. पाच जणांनी ते हातांवर धरून ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा उचलायचं. आमच्याकडे पुरुष दोनच, नवरा आणि मुलगा. रांगेतले तिघे अनोळखी गडी लगेच पुढे आले. हे मला फार आवडलं. कुणी जात विचारली नाही की गाव. आईंनी भंडाऱ्याच्या दोन पुड्या घेतल्या होत्या. एक मुलाच्या हाताने उधळली, दुसरी घेऊन त्या एकट्याच सदरेच्या कडेला गेल्या. मला वाटलं, दुसरी घरासाठी ठेवली असेल.

कपडे जुने घाला, हळद धुऊन निघत नाही आणि नखांतून तर चार-चार दिवस जात नाही. भंडारा नाकाला लावून बघून घ्या, हळदीचा वास आला पाहिजे. भेसळीचा असला तर डोळे चुरचुरतात. खाली उतरल्यावर पिठलं-भाकरी आणि वांग्याचं भरीत कुठेही बरं मिळतं. मुक्काम जेजुरीतच केला, कारण आईंचे तळवे सोलवटले होते.

दुसरा दिवस : पंढरपूर

सकाळी वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस अशा पालखीच्या वाटेने निघालो. रस्ता आता रुंद झाला आहे. वाटेत वेळापूरला अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवळात अर्धा तास थांबलो. देव नुसता पुरुष कसा असेल, हा प्रश्न ज्याला पडला असेल त्याने हे नाव ठेवलं असेल. आत गारवा होता, एक बाई एकटीच शांतपणे दगडी फरशी पुसत होती.

पंढरपुरात दुपारी पोहोचलो. खोलीवर सामान आणि मोबाइल ठेवून आधी महाद्वारात गेलो. इथे पहिल्या पायरीला नामदेव पायरी म्हणतात. तिच्यावर पाय न ठेवता वारकरी ती ओलांडतात. ज्या नामदेवांशी विठ्ठल जेवायला बसायचा, बोलायचा, त्यांनाच गोरोबाकाकांनी थापटणं डोक्यावर मारून ‘हे मडकं कच्चं’ म्हटलं, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. तेव्हा ती गमतीची वाटायची. आता तिथे उभं राहून वाटलं, वारकऱ्यांनी केवढी मोठी गोष्ट सांगून ठेवली आहे! देवाशी रोज बोलणाऱ्याचीही देवाची समज कच्ची असू शकते. नामदेव रुसले, मग औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. ‘जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव.’ नामदेवांना तशी जागा सापडली नाही. आपल्या सगळ्यात लाडक्या संताला आपल्याच परंपरेने कच्चं ठरवून पुन्हा शिकायला पाठवलं. मग मी माझ्या दिव्यासमोर हात थांबला म्हणून एवढी का घाबरले होते?

पायरीच्या समोर, देवळाच्या बाहेर, चोखोबांची समाधी आहे. चोखामेळा महार. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून १३३८ साली गेले. नामदेव तिथे जाऊन ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून बघत होते म्हणतात. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची. ती आणून इथे पुरली. जिवंतपणी इथपर्यंतच येता आलं, मेल्यावरही इथपर्यंतच.

पदस्पर्शाच्या रांगेत चार तास गेले. घाई असेल तर मुखदर्शन लवकर होतं, आणि माघी वारी जवळ आली की गर्दी फार वाढते, तेव्हा पंचांग बघून जा. आमच्या पुढे बार्शीकडच्या पाच बाया होत्या, त्यांनी रांगेतच डबा उघडून मुलाला शेंगदाण्याची पोळी दिली. गाभाऱ्यात दोन-तीन क्षण मिळाले. पायांवर तुळस होती, तिच्याखाली दगड गार आणि गुळगुळीत. बोटांना बोटं लागली पण कडा लागल्या नाहीत. शतकानुशतकं हात लागून मूर्तीची झीज होते. म्हणून तिला वेळोवेळी वज्रलेप करतात. २०२०मध्ये टाळेबंदीत मंदिर बंद असताना केला होता. ज्याला सगळे बघायला येतात त्याचं रूप बघणाऱ्यांच्याच हाताने झिजतं, आणि मग माणसंच लेप देऊन ते सावरतात. पुढे दोन दिवस मला बोटांना तो स्पर्श जाणवत होता.

आत जाताना, खरं सांगते, मी मुलीबद्दल विचारणार होते. विचारलं नाही. नुसतं डोकं टेकलं.

रात्री बाजार आमटी खाल्ली, ज्वारीची भाकरी कुस्करून. ही सोलापूर जिल्ह्याची खास; चार-पाच डाळींची, पातळ, झणझणीत. मुलाने पाणी पीत पीत दोन वाट्या संपवल्या.

अंधार पडल्यावर चंद्रभागेच्या वाळवंटात गेलो. वारा सुटला होता, शाल अपुरी पडत होती. पुंडलिकाच्या देवळाशी एक होडीवाले काका होडी बांधत होते. मी त्यांना म्हटलं, पुंडलिकाने देवाला थांबवलं खरं, पण वीट का दिली, बसायला पाट का नाही? ते म्हणाले, ‘म्हातारी मानसं घरात आजारी, पाट कुठून आनणार हो ताई? हाताला लागलं ते फेकलं.’ असं सांगितलं जणू काल घडलं. मला वाटतं, या कथेत देवाची जी कल्पना आहे तिच्यापुढे मी अजूनही हात जोडू शकते. हा देव काही देत नाही, काही मागत नाही. आई-बापाचं आजारपण उरकेपर्यंत दारात उभा राहतो.

मात्र त्याच्या दारात कुणी उभं राहायचं हे माणसांनी ठरवलं. साने गुरुजींनी मे १९४७मध्ये इथेच तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं, दहा दिवस, तेव्हा हरिजनांना मंदिर खुलं झालं. बडवे-उत्पात या पुजाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जानेवारी २०१४मध्ये संपले. अठ्ठावीस युगं उभा असलेला देव, असं आपण आरतीत म्हणतो. चोखोबांच्या हाडांपासून गुरुजींच्या उपोषणापर्यंत सहाशे नऊ वर्षं होतात. वाळवंटात मी हे नवऱ्याला मोजून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘चल, आईंना थंडी वाजत असेल.’

तिसरा दिवस : मंगळवेढा

पंढरपूरहून मंगळवेढा पंचवीसेक किलोमीटर. दोन्ही बाजूंना काळी कसदार जमीन आणि पुरुषभर उंचीची ज्वारी. इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. मालदांडीची कणसं दुधात भरली होती, म्हणजे हुरड्याचे दिवस.

गावात आधी दामाजीपंतांच्या देवळात गेलो. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पंधरावं शतक, बहामनी अंमल, दुष्काळ. मंगळवेढ्याच्या सरकारी कोठारांचे अंमलदार दामाजीपंत. लोक भुकेने मरताना बघवेना, त्यांनी कोठारं लुटवली. बेदरच्या बादशहाने धरून आणायला माणसं पाठवली. पंत पोहोचण्याआधीच विठू महार नावाचा एक काळासावळा माणूस दरबारात आला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. धान्याची सगळी रक्कम ओतली, पावती घेतली आणि गेला. तो विठ्ठल होता.

देवळाच्या ओट्यावर बसून मी ही गोष्ट पुन्हा मनातल्या मनात घोळवली आणि अंगावर काटा आला. याच गावच्या मातीत चोखोबा गाडले गेले. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी याच गावच्या माणसांना देव दिसला तो महाराच्या वेशात. म्हणजे कल्पना करणाऱ्याला मनोमन कळलं होतं, अडल्या वेळी धावून येणारा कोण असतो ते. तरी पंढरीचं दार पुढे जवळजवळ पाचशे वर्षं बंद. देवाला महार करता आलं, महाराला देवळात घेता आलं नाही. आमच्या धर्मातल्या देवाच्या कल्पनेत खोट कुठे आहे, असं कुणी विचारलं तर मी हा ओटा दाखवेन.

चोखोबांच्या घरच्यांनी हे तेव्हाच बोलून ठेवलं होतं. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी विचारलं की विटाळ देहातच जन्मला, तर सोवळा कोण? आणि मुलगा कर्ममेळा तर थेट देवाच्या तोंडावर बोलला : ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥’ उष्टं खाता खाता जन्म गेला, तुला लाज वाटत नाही? चौदाव्या शतकातला तरुण मुलगा. त्याने देव नाकारला नाही, पण देवाला माफही केलं नाही. सातशे वर्षं वारकऱ्यांनी हे शब्द पुसले नाहीत, जपून ठेवले. हे मला फार मोठं वाटतं.

ती भिंत कुठे होती म्हणून मी गावात दोन-तीन ठिकाणी विचारत फिरले. मला ती सापडली नाही. एका चहाच्या टपरीवर एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका भेटले. मी भिंतीचं विचारलं तसं त्यांनी बाकावर जागा करून दिली. ‘चोखोबा आमच्यातलेच,’ म्हणाले. त्यांचे वडील दरवर्षी वारीला जात. १९५६ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर वर्षाच्या आत वडिलांनी गळ्यातली माळ काढून ठेवली, देव्हारा सोडला. ‘त्रास नाही झाला त्यांना?’ मी विचारलं. काका जरा वेळ कपात बघत राहिले. ‘झाला. आषाढ आला की अंगणात येरझाऱ्या घालायचे. पण परत गेले नाहीत. म्हणायचे, ज्याच्या दारात माझा बाप उभा राहिला, तिथं मी माझ्या पोराला उभं करणार नाही.’

मग तेच म्हणाले की बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांवरचं आपलं पुस्तक तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केलं : नंदनार, रविदास आणि चोखामेळा. ‘देव सोडला, चोखोबा नाही सोडले.’ चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

देवाची कल्पना अपुरी आहे असं कळल्यावर माणूस काय करतो, याची दोन उत्तरं मला एका सकाळी एका गावात मिळाली. कर्ममेळ्याने भांडण मांडलं, काकांच्या वडिलांनी दार सोडलं. दोन्हीत मला खोटेपणा दिसला नाही. खोटेपणा दिसतो तो ‘देवाने वाचवलं’ म्हणून पेढे वाटून शेजारची रिकामी खाट विसरण्यात. तो माझ्या घरात झाला आहे.

तिसरंही एक उत्तर याच गावात आहे. बसवेश्वर बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला जाण्याआधी बिज्जल राजाच्या चाकरीत इथेच होते. श्रीमंत लोक शिवालयं बांधतील, मी गरीब काय करू, माझे पायच खांब, देहच देऊळ, असं त्यांचं वचन आहे; उभारलेलं पडतं, चालतं-बोलतं टिकतं. दगडी भिंतीत देव मावत नाही हे सांगणाऱ्याने ज्या गावात नोकरी केली, त्याच गावच्या भिंतीखाली पुढे चोखोबा गेले. कान्होपात्रेचं गावही हेच, पण तिच्याविषयी नुसतं जाता जाता लिहिणं बरं नाही.

दुपारनंतर शेतावर. मित्राच्या वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आगटी पेटवून ठेवली होती : जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव. कणसं आरात खोचायची, काळपट झाली की काढून दोन तळव्यांत चोळायची. चटका बसतो म्हणून आपण सोडून देतो, अण्णांचे तळवे मात्र सरसर चालत होते. फुंकर मारली की तूस उडतं आणि हातात हिरवे, मऊ, गोडसर दाणे. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, घट्ट दही, गूळ. हुरडा गरम असतानाच खायचा, गार झाला की चिवट होतो. आणि त्यावर लगेच पाणी पिऊ नये, पोट धरतं. ताक प्यावं.

मी अण्णांना विठू महाराचं विचारलं. ते चोळता चोळता म्हणाले, ‘कोठार फोडलं ते पंतांनीच की. देव नंतर आला, हिशेब मिटवायला.’ पुढचं कणीस मुलाच्या हातात दिलं. ‘खा रे, दवाखान्यात वाळलास.’

चौथा दिवस : सोलापूर आणि परत

मंगळवेढ्याहून सोलापूर तासाभराचं. प्रजासत्ताक दिन, शाळांतून मुलांच्या रांगा परतत होत्या. सिद्धेश्वराचं देऊळ तळ्यात आहे, सकाळी पाण्यावर धुकं होतं. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा नुकतीच होऊन गेली होती, पाळण्यांचे सांगाडे उतरवणं चाललं होतं. हे तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना घेऊन खोदलं. कथा अशी की संत अल्लमप्रभू आले आणि हा कोण माती उपसणारा वडार म्हणून त्यांनी सिद्धरामांना टोकलं : देवळं, तळी उभारण्यात अडकलास, आतलं कधी बघणार? सिद्धराम रागावले, मग त्यांचेच झाले. मी मात्र तळ्याच्या पायरीवर बसून सिद्धरामांच्या बाजूने होते. आठशेहून अधिक वर्षांनंतरही तळ्यात पाणी आहे.

बाजारातून शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेतली. चटणी डोळ्यांसमोर उखळात कुटून देणाऱ्याकडून घ्या, तेल सुटलेली दिसली पाहिजे. कडक भाकरी डब्यात पंधरा दिवस सहज टिकते.

परतीच्या वाटेवर टेंभुर्णीच्या पुढे चहाला थांबलो. नवरा आणि मुलगा आत गेले. आईंनी सुट्टे पैसे हवेत म्हणून माझी पर्स उघडली, आणि पुडी त्यांच्या हाताला लागली. कॅलेंडरचा कागद, घडीवर अर्धी तारीख दिसते. त्यांनी ओळखली.

‘त्या पोरीची ना?’

मी मान हलवली. चंद्रभागेत सोडू म्हणून पंढरपूरला काढली होती, सोडवली नाही, असं सांगितलं. त्या पुडी मांडीवर ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, ‘तिचाही बोलले होते मी.’

‘काय?’

‘नवस. त्याच रात्री. जिन्यात. तुम्ही सगळे रक्तासाठी धावत होतात, मला एका जागी बसवून ठेवलं होतं. मला दुसरं काय करता येत होतं? आपल्या पोराचं बोलून झालं, तेवढ्यात तिची आई शेजारी येऊन बसली. रडून रडून गप्प झालेली. तिच्यादेखत एकट्याचं कसं मागायचं? म्हणून तिचंही बोलले. एक पुडी भंडारा.’

जेजुरीची दुसरी पुडी मला तेव्हा आठवली.

‘पण आई, ती तर गेली. तो नवस फेडायचा नसतो ना.’

‘शब्द माझा होता,’ त्या म्हणाल्या. ‘तो मी पाळला. कडेला जाऊन उधळला भंडारा आणि त्याला सांगितलं : हे घे. मी माझं केलं. तू तुझं केलं नाहीस.’

त्यांचा आवाज चढला नव्हता. पुडीची सुटलेली घडी त्यांनी अंगठ्याने दाबून नीट बसवली. नखांत अजून हळद होती. मग पुडी माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.

‘तिच्या आईचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?’

आहे, म्हटलं. दवाखान्यातच घेतला होता. एकदाही लावला नाही.

‘घरी पोचलो की लाव. मी बोलते आधी.’